पणजीच्या माहेराचा पत्ता

खुलताबादला मलिक अंबरची कबर बघायला माणसं जातात. तिच्याजवळच त्याच्या बायकोची, बीबी करीमाची कबर आहे. तिच्यापाशी थांबणारे थोडे. इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेला अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१०मध्ये त्यानं खडकी वसवली, नहरीचं पाणी खेळवलं. तेच आजचं आपलं छत्रपती संभाजीनगर. शहराला अंबर ठाऊक आहे. पण त्याच्या लेकरांच्या पेशींत एक गोष्ट अशी होती, की ती निव्वळ करीमाची होती. अंबरचा तीत काडीचाही वाटा नव्हता.

ती गोष्ट म्हणजे मायटोकाँड्रियाचा डीएनए. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, जेमतेम १६,५६९ अक्षरांचा. तो येतो आईकडून. मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच. अंबरनं आपली लेक मुर्तझा निजामशहाला दिली. तिच्याकडे आला तो करीमाचा, करीमाच्या आईचा, तिच्या आईचा डीएनए. अंबरला त्याच्या हबशी आईनं दिलेला मात्र त्याच्यापाशीच थांबला.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात जातीच्या दाखल्यांसाठी घरोघर वंशावळी काढल्या गेल्या. खापरपणजोबापर्यंत नावं सापडतात, सगळी पुरुषांची. पणजीचं माहेरचं नाव विचारलं की घर गप्प होतं. कागदानं जे टिपलं नाही, ते पेशीनं जपलं आहे. ज्या बेटांवर माणसं गुलाम म्हणून किंवा करारावर नेली गेली, तिथे तर या जपणुकीचं मोल फारच मोठं.

पश्चिम आफ्रिकेजवळचं केप व्हर्दे घ्या. पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकात ही ओसाड बेटं वसवली. आज तिथल्या लोकांचा आईकडचा वारसा जवळजवळ पूर्ण पश्चिम आफ्रिकेचा आहे, तर बापाकडच्या वारशात युरोपचा वाटा मोठा. मालक कोण आणि गुलाम बाई कोण, हे यातून ढळढळीत दिसतं. दस्तऐवजांत हे इतकं उघड कुणी लिहून ठेवत नाही.

मॉरिशस आपल्याला अधिक जवळचं. डच, मग फ्रेंच, मग १८१०पासून इंग्रज. १८३५मध्ये गुलामी संपली, पण उसाचे मळे तर चालवायचे होते. म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर, म्हणजे गिरमिटिये, नेले. रत्नागिरी आणि आसपासची मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली. तिथे आजही मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आहे. २०१४मध्ये ९७ मॉरिशसवासीयांच्या मायटोकाँड्रिया डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईकडच्या सुमारे ५९ टक्के परंपरा भारतीय उपखंडातल्या निघाल्या. सुमारे १७ टक्के मादागास्करच्या, ११ टक्के पूर्व व आग्नेय आशियातल्या, १० टक्के आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या. भारतीय वाट्यात उत्तर आणि आग्नेय भारत जास्त दिसतो. ते साहजिक आहे, कारण बहुतेक जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटत.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो ५९ टक्क्यांचा आकडा. मळ्यांवर सुरुवातीला पुरुषच फार होते, आणि गिरमिटियांची गोष्ट आपण अजूनही पुरुषांचीच म्हणून सांगतो. पण आईकडचा भारतीय वारसा एवढा मोठा टिकला, तो बायाही ती जहाजं चढल्या म्हणून.

आणि मादागास्करचं माहेर आणखी लांबचं. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी इंडोनेशियाकडून आलेल्या जेमतेम तीसेक बायांपासून तिथल्या वस्तीचा आईकडचा मोठा वारसा सुरू झाला, असा संशोधकांचा हिशोब आहे.

अर्थात ही एकाच धाग्याची गोष्ट. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या जागा भरतात १,०२४, आणि हा डीएनए त्यातल्या एकाच बाईचा. त्यावरून कुणाचा ‘खरा वंश’ ठरवू नये.

पण धागा पक्का आहे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेली रत्नागिरीची एखादी बाई आणि गावात मागे राहिलेली तिची सख्खी बहीण. दोघींच्या लेकींच्या लेकींच्या लेकींना आज समोरासमोर बसवलं, तर एकीची भाषा क्रिओल असेल, दुसरीची मराठी. ती १६,५६९ अक्षरं मात्र जवळजवळ अक्षरशः जुळतील.