आमणे ते चंद्रपूर : कोळशाच्या मुलखातून

खाणींचा प्रदेश म्हटला की ऑस्ट्रेलियातील आउटबॅक आठवतो: तांबडी माती, न संपणारा सरळ रस्ता आणि ब्रोकन हिलसारखे खाणीभोवती वसलेले एकाकी गाव. महाराष्ट्राचा खाणमुलूख तसा निर्जन नाही. चंद्रपूर जिल्ह्यात शेत, वस्ती, ताडोबाचे अरण्य आणि खाण एकमेकांना खेटून आहेत.

ठाणे-कल्याणकरांना हा मुलूख आता जवळचा झाला आहे. भिवंडीनजीकच्या आमणे येथून समृद्धी महामार्ग सुरू होतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. वर्ध्याजवळ महामार्ग सोडून जाममार्गे वरोऱ्याकडे वळावे.

वरोरा आज आनंदवनामुळे परिचित आहे. परंतु इंग्रजी अमदानीत येथे कोळशाची खाण होती आणि तिच्याचसाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. पुढे भद्रावती लागते. येथील केसरिया पार्श्वनाथ ‘स्वप्नदेव’ म्हणून भाविकांना ठाऊक आहेत. सूर्यास्तापूर्वी येथे पोहोचण्याच्या बेताने निघावे. तीर्थाच्या शांततेपासून माजरीच्या खाणी फार दूर नाहीत.

खुल्या खाणीत सुरुंग लावून वरची माती व खडक आधी बाजूला काढतात आणि मग कोळसा उचलतात. काढलेल्या मातीचे डोंगर रस्त्यावरूनही दिसतात. कोळशाच्या ट्रकांमागे उडणारी धूळ कपाशीच्या पानांवर बसते. खाण खोल गेली की भोवतालच्या विहिरींचे पाणीही खोल जाते. येथला कोळसा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्रात जळतो आणि ती वीज राज्याच्या वीजजाळ्यात मिसळते. कल्याणच्या पेढीवरील दिव्यात आणि डोंबिवलीतील घराच्या वातानुकूलन यंत्रात त्या कोळशाचाही अंश असतो.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि स्फोटककर्म यांचा समावेश आहे. पहिल्यात अग्नी चेतवून, तर दुसऱ्यात भूमी फोडून केलेली उपजीविका येते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे व्यवसाय केले नाहीत, याचे समाधान रास्तच आहे. मात्र खाणीच्या काठावर उभे राहिले की प्रश्न पडतो: न फोडलेल्या भूमीचे पुण्य मोजणाऱ्याने जाळलेल्या विजेचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावा? व्यापाऱ्याला जमाखर्च शिकवावा लागत नाही. फक्त ही नोंद आजवर वहीत आली नव्हती.

प्रवासासाठी हिवाळा उत्तम, कारण उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. खाणीत परवानगीविना प्रवेश नसतो; सार्वजनिक रस्त्यावरूनच पाहावे. मुलांना सोबत अवश्य न्यावे. दुकानातला एखादा दिवा विनाकारण का जळू नये, हे त्यांना तेथे न सांगताच कळेल.