धूम्रपान आणि विद्यार्थिदशा

पुणे शहर हे विद्येचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. ग्रामीण शाळांतून शिकलेले पुष्कळ विद्यार्थी पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी अथवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या तयारीसाठी तेथे जातात. सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत खोली घेऊन राहतात व खानावळीत जेवतात. घरच्या मंडळींची देखरेख सुटते, अभ्यासाचा ताण वाढतो आणि चहाच्या टपरीवर मित्राने पुढे केलेली सिगारेट नाकारणे संकोचाचे वाटते. व्यसनाचा आरंभ बहुधा असा होतो. म्हणून त्याचा विचार गावच्या शाळेतच व्हावयास हवा.

तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य धुराबरोबर सुमारे दहा सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते. त्यामुळे कोवळ्या वयात जडलेली सवय अधिक घट्ट बसते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवितो व खेळणाऱ्या मुलास लवकर धाप लागते. विडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी असते, हा समज निराधार आहे. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्याचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी घटते, असे ब्रिटनमधील डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत दिसून आले. तिशीपूर्वी व्यसन सोडणाऱ्यांची ही हानी जवळजवळ पूर्णपणे टळते, हेही त्याच पाहणीत आढळले. ही आशेची बाजू विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी.

हानी केवळ देहाची नसते. दररोज ५० रुपये धुरात गेले, तर वर्षाकाठी १८,२५० रुपये होतात. ही रक्कम बहुधा शेतात राबणाऱ्या आईबापांनी पोटास चिमटा घेऊन पाठविलेली असते. खर्च लपविण्यासाठी मुलगा खोटे बोलू लागतो, उसनवारी करतो, सुटीत घरी येण्याचे टाळतो. खोलीत सोबत राहणाऱ्या निर्व्यसनी मित्रासही तोच धूर श्वासावाटे घ्यावा लागतो.

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २००३ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचे पदार्थ विकणे, तसेच शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वये बालकास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळा हे सार्वजनिक स्थान असल्याने तेथील धूम्रपानबंदी शिक्षकांसही लागू आहे.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. शाळेच्या प्रवेशद्वाराशी विक्रीबंदीचा फलक लावावा व ९१ मीटरचे अंतर विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे.

२. व्यसनाच्या खर्चाची उदाहरणे गणिताच्या तासास घालावीत.

३. मित्राचा आग्रह सौजन्याने पण ठामपणे कसा नाकारावा, याचा सराव संवादरूपाने करून घ्यावा.

४. व्यसन जडलेल्या मुलाची चारचौघांत निर्भर्त्सना करू नये. त्यास एकांतात विश्वासात घ्यावे आणि १८००-११२-३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी.

मुले उपदेशापेक्षा आचरण अधिक बारकाईने पाहतात. ज्या शिक्षकाच्या खिशात विडी अथवा तंबाखूची पुडी नसते, त्याचाच शब्द मुलाच्या मनात शहरापर्यंत सोबत जातो.