माऊलीने 10 लाख नाकारले

परभणीच्या विजयाबाई सूर्यवंशी आता आपल्या बजाजनगरच्या माता-भगिनींनाही ठाऊक आहेत. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी धरपकड केली. तीत त्यांचा मुलगा सोमनाथही होता. वडार समाजातला, कायदा शिकणारा. 15 तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला.

त्याला श्वसनाचा आजार होता, मारहाण झाली नाही, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. पण शवविच्छेदन आपल्याच घाटीत झाले, आणि कागदावर कारण आले ते अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे. हा कागद नसता तर?

सरकारचे 10 लाख आईने घेतले नाहीत. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी इथल्याच खंडपीठात तिची बाजू मांडली. 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही 30 जुलैला हरले. नुसता गुन्हा नोंदवायला साडेसात महिने!

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची असते. त्या चौकशीला नातेवाइकांना हजर राहता येते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. शवविच्छेदन अहवालाची प्रतही लेखी अर्ज देऊन मागावी, आणि अर्जावर पोच घ्यावी.