म्हाताऱ्या मांजराचे हक्क

अचलपूरच्या जुन्या मोहल्ल्यांत मांजर नसलेले घर सापडणे कठीण. बिलनपुरा असो की सरमसपुरा, मातीच्या जाड भिंती, वर माळा, धान्याची कोठी आणि मागे आंगण अशी घरे अजून उभी आहेत. जिथे ज्वारी-तूर तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे मांजर. ते कोणी विकत आणलेले नसते. एखाद्या पावसाळ्यात ते भिजत येते, दस्तरखानापासून दोन हात दूर बसते, लेकरं त्याला 'मानो' म्हणू लागतात आणि ते घरचेच होऊन जाते. मानोसमोर घरातली पोट्टी शाळेत जातात, दहावी होतात, एखाद्या मुलीचा निकाहही होतो. मानो मात्र तेवढ्यात म्हातारी होते.

मग घरात कुरबुर सुरू होते. मांजर उंदीर धरत नाही. दिवसभर झोपते. अंथरुणावर घाण करते. केस गळतात. शेजारीण विचारते, "काहून ठेवता हे म्हातारं मांजर? सोडून या ना कुठंतरी." आणि एका सकाळी घरातला एखादा तरुण मांजर पोत्यात घालतो, गाडीला अडकवतो आणि नदीकाठी किंवा मटण मार्केटजवळ सोडून येतो. घरच्यांची समजूत अशी, की तिथे काहीतरी खाईल, जगेल. आपल्या भागात हे इतके नेहमीचे झाले आहे की त्यात काही चुकते असे कोणाला वाटतही नाही. म्हणूनच हा विषय आम्ही लिहायला घेतला.

'सोडले' म्हणजे मोकळे केले का?

मांजराला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्यातल्या लेकरांनाही पाठ असते. तिने मांजर कोंडले, खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. ते मेले आणि ती बाई अजाबची हकदार ठरली. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. काही लोक यातूनच पळवाट काढतात: "आम्ही तर सोडून दिलं, कोंडलं कुठं?"

पण हदीसमधल्या सोडण्याचा अर्थ काय आहे ते पाहा. सोडले असते तर मांजराने स्वतःचे पोट भरले असते. दात पडलेले, सांधे आखडलेले, बारा वर्षे घरच्या पोळी-दुधावर वाढलेले मांजर अनोळखी जागी काय शिकार करणार? तिथली दांडगी मांजरे आणि कुत्रे त्याला टेकू देत नाहीत. असे सोडणे म्हणजे भिंती नसलेल्या खोलीत कोंडणेच झाले.

आपल्या उलमांनी या प्रश्नाचे उत्तर फार आधी देऊन ठेवले आहे. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम हे दमास्कसचे शाफई फकीह. पुढे ते काहिराला गेले आणि हिजरी ६६०, म्हणजे इसवी १२६२ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात त्यांनी माणसावर जनावरांचे कोणते हक्क आहेत याची यादीच दिली आहे. त्याच्या जातीला लागेल तेवढे खाणे-पिणे द्यावे, ताकदीबाहेर ओझे लादू नये, त्याला इजा करील अशा जनावरासोबत ठेवू नये, त्याची बसण्याची आणि पाणी पिण्याची जागा चांगली ठेवावी, त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या पिलाला जबह करू नये. आणि या यादीत अगदी सुरुवातीलाच एक अट आहे: जनावर म्हातारे झाले किंवा असे आजारी पडले की त्याचा काहीच उपयोग उरला नाही, तरीही त्याचा खर्च मालकावरच राहतो.

सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. 'उपयोग संपला' हे कारण तेव्हाही लोक देत असणार, म्हणून तर इमामांना ते वेगळे लिहावे लागले.

मांजराबद्दल तर आपल्याकडे जास्तच जवळीक आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे नावच मांजराच्या पिलावरून पडले. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याकडे मांजर आले तेव्हा त्यांनी भांडे तिरके धरून त्याला पाणी पाजले. त्यांची सून आश्चर्याने पाहत होती. तिला त्यांनी सांगितले की प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मांजराला नापाक म्हटलेले नाही, ते तर तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. काहिरात सुलतान बैबर्सने मांजरांसाठी एक बाग वक्फ केल्याची आठवण लोक शतकानुशतके सांगत आले. एडवर्ड लेन या इंग्रजाने १८३६ साली छापलेल्या पुस्तकात ती नोंदवली आहे.

म्हातारपण कधीपासून धरायचे?

मांजराच्या वयाचा एक सोपा हिशेब आहे. पहिली दोन वर्षे म्हणजे माणसाची साधारण २४ वर्षे. त्यापुढचे प्रत्येक वर्ष माणसाच्या ४ वर्षांएवढे. म्हणजे १० वर्षांचे मांजर छप्पन वर्षांचे, आणि १५ वर्षांचे शहात्तर वर्षांचे. घरात राहणारे, पोटभर खाणारे मांजर १२ ते १८ वर्षे सहज जगू शकते. गल्लीतले मांजर बहुतेक वेळा इतके जगतच नाही. म्हणजे तुमच्या घरात म्हातारे मांजर आहे याचा अर्थ घरच्यांनी इतकी वर्षे त्याचे नीट केले. शेवटची दोन-तीन वर्षेच राहिलेली असतात.

'आळशी झाले' असे म्हणण्याआधी

मांजर दुखणे लपवते. रानात जो कमजोर दिसला तो मेला, ही त्याच्या रक्तातली सवय. त्यामुळे घरच्यांना बदल दिसतो, आजार दिसत नाही. पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

पाणी जास्त पिणे आणि लघवी जास्त होणे. म्हाताऱ्या मांजरांमध्ये किडनीचा आजार फार आढळतो. मधुमेहातही हेच दिसते. अंथरुणावर घाण करणे हा खोडसाळपणा नसतो. बिचाऱ्याला बाहेर जाईपर्यंत धरवत नाही.

खाणे चांगले, पण अंग वाळत जाणे. हे थायरॉईड वाढल्याचे लक्षण असू शकते. 'खाते तर आहे' म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

माळ्यावर उडी न मारणे, पाठीवरचे केस चिकटणे. सांधे दुखत असले की मांजर वाकून स्वतःला चाटू शकत नाही. ओल्या फडक्याने हलके पुसून द्यावे, नखे वाढून गादीत रुतत असतील तर टोके कापावीत.

तोंडाला वास, लाळ, घास घेऊन सोडून देणे. दात किंवा हिरडी दुखते आहे. मऊ, कोमट खाणे द्यावे. कोमट केल्याने वास येतो, आणि मांजर वासावरच जेवते.

अचानक भिंतीला धडकणे. रक्तदाब वाढून नजर एकाएकी जाऊ शकते.

रात्री विनाकारण ओरडणे. म्हातारपणात मांजराचाही मेंदू थकतो, घरातल्या घरात ते गोंधळते. एखादा लहान दिवा सुरू ठेवल्याने फरक पडतो.

एक गोष्ट मात्र थांबू देणारी नाही. मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतावर चरबी चढू लागते आणि जीव जाऊ शकतो. 'उद्या खाईल' म्हणत बसू नये.

डब्यातली गोळी देऊ नका

आपल्या प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो आणि त्यात पॅरासिटामॉल असतेच. मांजर सुस्त दिसले की कोणीतरी मायेने अर्धी गोळी दुधात घालून देते. ती गोळी मांजरासाठी जहर आहे. माणसाचे यकृत ज्या पद्धतीने हे औषध निकामी करते ती पद्धत मांजराच्या यकृताला जवळजवळ नाहीच. एका गोळीतही मांजर मरू शकते. माणसाच्या इतर वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. कुत्र्याच्या पिसवांची काही औषधे, ज्यांत परमेथ्रिन असते, तीही मांजराला लावू नयेत.

दुधाबद्दलही थोडे. मोठ्या मांजराला बरेचदा दूध पचत नाही, त्याने जुलाब होतात. म्हाताऱ्या मांजराला जुलाब लागले की अंगातले पाणी झपाट्याने जाते. त्यापेक्षा मीठ-मसाला न घातलेले उकडलेले चिकन, थोडा रस्सा आणि भरपूर साधे पाणी बरे.

आपल्याकडचा उन्हाळा

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो हे सांगायला नको. मांजराला घाम येतो तो फक्त पंजाच्या तळव्यांना. तरुण मांजर स्वतःच मोरीत, माठाखाली, गार फरशीवर जागा शोधते. म्हातारे मांजर उठून जायचाही कंटाळा करते आणि टिनाच्या खोलीत पडून राहते. दुपारी त्याला उचलून गार खोलीत ठेवावे. कूलरच्या वाऱ्याच्या अगदी तोंडाशी नको, बाजूला. पाण्याची दोन-तीन पसरट भांडी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत, खाण्याच्या ताटलीपासून थोडी दूर. लघवीसाठी कमी उंचीचा ट्रे किंवा पाटी, त्यात वाळू. एवढ्यानेच अंथरुणाचा प्रश्न बराचसा सुटतो. मांजराची घाण साफ करताना हात नीट धुवावेत, आणि घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावे.

दुखणारे मांजर कधी चावते, ओरबाडते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारावे. हळद-चुना लावून बसू नये.

दवाखाना आणि कायदा

"मांजराला कोण डॉक्टरकडे नेते?" असे लोक हसून म्हणतात. शेळी आजारी पडली की मात्र आपण धावतो, कारण शेळीचे पैसे येतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरही दाखवता येते. मोठा आजार असेल तर अमरावती सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि अकोल्याला महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. शेळ्या-गुरांसाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची सोय आहे. नेताना मांजर पोत्यात कोंबू नये. भोके पाडलेला खोका किंवा झाकणाची टोपली आणि आत घरचेच एखादे जुने फडके पुरते. ओळखीच्या वासाने ते शांत राहते.

कायदाही माहीत असावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा त्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आज पन्नास रुपयांना कोण भितो? पण आपला हिशेब पोलीस ठाण्यात संपत नाही, हे आपण मानतो ना?

शेवटचे दिवस

एक वेळ अशी येते की डॉक्टर म्हणतात, आता इलाज नाही. तेव्हा मऊ जागा, जवळ पाणी, वेळोवेळी कूस बदलणे आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनेचे औषध, एवढेच हातात राहते. इंजेक्शन देऊन त्याला सोडवावे का, याबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत. काहींनी असह्य वेदनेत सवलत दिली आहे, काही सबर करायला सांगतात. पशुवैद्याचे म्हणणे नीट ऐकून आपल्या आलिमांना विचारावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने ठरवण्याची ही गोष्ट नाही.

मांजर गेले की त्याला उकिरड्यावर फेकू नये. आंगणात किंवा शेतात, विहिरीपासून दूर, दोन-तीन फूट खोल खड्डा करून पुरावे. लेकरांना सोबत घ्यावे. त्यांना "पळून गेली" असे खोटे सांगू नये. खोट्यावर बसलेले लेकरू महिनाभर दारात वाटी घेऊन बसते.

आम्ही शिक्षक असल्याने असे प्रश्न वर्गात येतातच. पाचवीतल्या एका मुलीने विचारले होते, "सर, आमची मानो जन्नतमध्ये भेटेल का?" आम्ही तिला एवढेच सांगितले की कुरआनात, सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत, जमिनीवरचे जनावर आणि पंखांनी उडणारा पक्षी यांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे, आणि शेवटी सगळे आपल्या रबकडेच जमा होणार आहेत. पुढचे तो जाणे. तो कोणावर जुलूम करत नाही. मुलीने मान डोलावली आणि म्हणाली, "मी तिला रोज पाणी देत होती." आम्ही म्हटले, ते लिहिलेले आहे.

लेकरं आपली नसीहत कमी ऐकतात, आपले वागणे जास्त पाहतात. निकामी झालेल्या जिवाचे या घरात काय करतात, हे त्यांना घरातल्या मांजराकडून पहिल्यांदा कळते. कोणी ते पोत्यात जाताना पाहतो, तर कोणी अम्मीला त्याच्या तोंडाशी पाण्याची वाटी तिरकी धरताना पाहतो. पुढे चाळीस वर्षांनी त्याच घरात दुसरे कोणी म्हातारे होऊन बसलेले असेल, तेव्हा हे पाहिलेलेच कामी येणार आहे.

अल्लाहतआला आपल्या आश्रयाला आलेल्या प्रत्येक मुक्या जिवाचा हक्क अदा करण्याची तौफीक आपल्या सर्वांना देवो. आमीन.