समोर कोणी बसले आहे का?

मी कवितेचा माणूस, बी. ए.पर्यंत शिकलेला. तरीही आज बोलणार आहे ते संगणकाच्या एका स्वभावाविषयी. कारण त्या स्वभावाशी माझ्या कवितांचा संबंध आला.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक प्रणाली घडवायला घेतली. त्या काळी संगणकापुढे बहुधा पडदा नसे. टेलिटाइप नावाचे टाइपरायटरसारखे यंत्र असे. माणूस त्यावर आज्ञा टाइप करी आणि उत्तर कागदावर उमटे. हेच टर्मिनल. माणसाची आज्ञा समजून घेऊन हवा तो प्रोग्राम सुरू करणाऱ्या दुभाष्याला 'शेल' म्हणतात.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामला सुरुवातीलाच तीन वाटा मिळतात. क्रमांक ० ही मजकूर आत येण्याची, १ ही बाहेर जाण्याची आणि २ ही तक्रारींची. एरवी तिन्ही टर्मिनलशी जोडलेल्या असतात. पण आज्ञेपुढे गणितातले 'पेक्षा मोठे' हे चिन्ह काढून फाइलचे नाव लिहिले, की शेल १ क्रमांकाची वाट त्या फाइलकडे वळवतो. 'पेक्षा लहान' लिहिले की ० क्रमांकाच्या वाटेने फाइलमधला मजकूर आत येतो. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये 'पाइप' आला. तेव्हापासून एका प्रोग्रामचा मजकूर थेट दुसऱ्याच्या हाती जाऊ लागला.

वाट वळवली तरी प्रोग्रामचे काम तेच राहते. वागणे मात्र बदलते. आपल्यासमोर टर्मिनल आहे की फाइल, हे त्याला विचारता येते. टर्मिनल असेल तर तो ओळ पुरी होताच सोडतो. फाइल असेल तर मजकूर स्मृतीत साठवतो आणि बहुधा ४,०९६ बाइट भरले की एकदम लिहितो. कवीचेही असेच असते. मुशायऱ्यात तो ओळीमागून ओळ ऐकवतो. मासिकाला पाठवायची असेल तर कविता पुरी झाल्यावरच पाकिटात घालतो.

याची झळ मला लागली ती अशी. माझ्या काही कविता एका जुन्या फाँटमध्ये अडकल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये आणण्यासाठी माझ्या भाच्याने एक प्रोग्राम चालवला आणि निघणारा मजकूर फाइलकडे वळवला. शेवटच्या कवितेतल्या एका जोडाक्षरापाशी प्रोग्राम कोसळला. फाइल पाहिली तर त्याआधीची कविताही अर्ध्यावर तुटलेली. फाइलकडे न वळवता तोच प्रोग्राम चालवला, तर पडद्यावर ती कविता पुरी उमटली! युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे साठवणीत साडेतेराशेच्या आसपास चिन्हे मावतात. एक-दोन गझला सहज झाल्या. प्रोग्रामबरोबर त्याही गेल्या.

यावर उपाय छद्म टर्मिनलचा. ही दोन टोकांची जोडी प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मागितल्यावर देतो. एक टोक खऱ्या टर्मिनलसारखे वागते, दुसरे नियंत्रक प्रोग्रामच्या हाती राहते. नियंत्रक 'फोर्क' करून स्वतःची प्रत काढतो. प्रत नवे सत्र सुरू करते, टर्मिनलचे टोक आपल्या ०, १, २ या वाटांवर बसवते आणि 'एक्झेक'ने आपल्या जागी हवा तो प्रोग्राम आणते. त्या प्रोग्रामला वाटते, समोर माणूस बसला आहे. तो ओळ ओळ सोडतो, नियंत्रक ती टिपून घेतो. हे सारे करणारी 'स्क्रिप्ट' नावाची आज्ञा तयारच मिळते. भाच्याने ती वापरली आणि त्या जोडाक्षराच्या आधीच्या ओळीपर्यंतचा सगळा मजकूर हाती आला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह चिकटते, ते मात्र नंतर काढावे लागते.

आज पडद्यावर उघडणारी टर्मिनलची प्रत्येक खिडकी ही अशीच जोडी असते. पासवर्ड विचारणारे प्रोग्राम बहुधा ० क्रमांकाच्या वाटेकडे न पाहता थेट टर्मिनललाच विचारतात. त्यामुळे फाइल वळवून त्यांना उत्तर देता येत नाही. १९९० मध्ये डॉन लिब्ज यांनी केलेला 'एक्स्पेक्ट' छद्म टर्मिनलच्या आडून तेही देतो. सोय मोठी, पण पासवर्ड फाइलमध्ये उघडा लिहून ठेवला तर धोकाही तेवढाच.

तेव्हा आपले जुने लिखाण कोणी नव्या लिपीरूपात आणून देत असेल, तर फाइल तयार झाली एवढ्यावर थांबू नका. तिची शेवटची ओळ मूळ मजकुराशी ताडून पाहा. तोवर जुनी फाइल पुसू नका.