डेहराडूनचे दीक्षान्त संचलन : पालकांच्या हिवाळी प्रवासाची पूर्वतयारी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांतून आज मुले सैन्यात अधिकारी म्हणून जाऊ लागली आहेत. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा यात मोठा वाटा आहे. खडकवासल्याची तीन वर्षे आणि त्यानंतर डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीतील एक वर्ष पूर्ण झाले, की घरी निमंत्रण येते. आनंदाच्या भरात एका गोष्टीचा मात्र विसर पडतो. हा समारंभ वर्षातून दोनदा, जून व डिसेंबर महिन्यांत, साधारणपणे दुसऱ्या शनिवारी होत असतो; आणि डिसेंबरातील डेहराडूनची पहाट सातारा-सांगलीकडील थंडीच्या अनुभवावर निभावून नेता येत नाही.

तेथे डिसेंबरात दुपारी ऊन सुखद असते व पारा २० अंशांच्या आसपास राहतो. पहाटे तोच ६-७ अंशांपर्यंत उतरतो, क्वचित त्याहूनही खाली. पालकांना मैदानावर बोलावले जाते ते नेमके सकाळी. सूर्य वर येण्यापूर्वीच आसनस्थ होऊन उघड्यावर दोन-तीन तास बसावे लागते. एकच जाड कोट घालण्यापेक्षा आत सुती, त्यावर लोकरीचे व सर्वांत वर वारा अडविणारे वस्त्र असे थर अधिक ऊब देतात. कानटोपी किंवा मफलर, लोकरीचे मोजे आणि बंद पादत्राणे हवीतच. नऊवारी लुगडे व चप्पल अशा वेषात आलेल्या माउलीला शालीने पुरेशी ऊब मिळत नाही. तिच्यासाठी लुगड्याखाली लोकरीची विजार व पायांत मोजे यांची सोय घरूनच करावी. यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

खरी कसोटी आहे ती प्रवासाची. डिसेंबरात उत्तरेच्या मैदानी प्रदेशात दाट धुके पडू लागते. सिग्नल दिसत नसल्याने गाड्यांचा वेग कमी करावा लागतो, त्या कित्येक तास रखडतात. काही गाड्या धुक्याच्या काळापुरत्या रद्दही होतात. मुंबई-पुण्याहून निघालेली गाडी दिल्लीस उशिरा पोहोचली, तर पुढची डेहराडूनची गाडी हुकते. संचलन कोणासाठी थांबत नाही. चार वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो फलाटावर बसून घालवावा लागणे यासारखे दुःख नाही. म्हणून शनिवारच्या समारंभासाठी गुरुवारी, निदान शुक्रवारी सकाळी, डेहराडूनला पोहोचेल असाच बेत आखावा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासापूर्वी ६० दिवस आधी खुले होते. तेव्हा ऑक्टोबरातच तिकिटे काढावीत, परतीचीसुद्धा. दिल्ली-डेहराडून हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर रात्री मोटारीने कापण्याचा मोह धुक्यात जिवावर बेतू शकतो.

मुक्कामाच्या जागेसंबंधी एक इशारा द्यावासा वाटतो. थंडी असह्य झाली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे प्राणघातक ठरते. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. जादा रजई मागावी, शेगडी मागू नये. दमा, रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन पुरेशी औषधे हातपिशवीत ठेवावीत.

अकादमी शहराच्या पश्चिमेस चक्राता मार्गावर आहे. संचलनाच्या दिवशी त्या मार्गावरील वाहतूक वळविली जाते, म्हणून निवासस्थान सोडताना तासाभराची सवड ठेवावी. निमंत्रणाबरोबर येणारे सूचनापत्र इंग्रजीत किंवा हिंदीत असते. प्रवेशपत्र, छायाचित्र असलेले ओळखपत्र, सोबत काय नेऊ द्यावयाचे व काय नाही, हे त्यात दिलेले असते. गावातील शिक्षकाने वा ग्रामपंचायत सदस्याने ते आईवडिलांना शांतपणे समजावून सांगितले, तर ती मोठीच मदत होईल. अपशिंगे (मिलिटरी) सारख्या सैनिकी परंपरेच्या गावात या गोष्टी सांगणारी वडीलधारी माणसे घरोघरी भेटतात. ज्या गावातून पहिलाच मुलगा अधिकारी होतो, तेथे सांगणार कोण?

१ ऑक्टोबर १९३२ रोजी ४० कॅडेटांच्या पहिल्या तुकडीने या अकादमीचे शिक्षण सुरू झाले. पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा त्याच तुकडीतले. संचलनाच्या अखेरीस कॅडेट संथ पावलांनी चेटवूड भवनाच्या पायऱ्या चढून उंबरठा ओलांडतात. याला ‘अंतिम पग’ म्हणतात. त्यानंतर लेफ्टनंटपदाचे दोन तारे खांद्यावर चढविण्याचा मान आईवडिलांना मिळतो. थंडीने बोटे बधिर झालेली असतात, म्हणून हातमोजे तोपर्यंत काढू नयेत. चष्मा लागत असेल तर तो मात्र खिशात हाताशी ठेवावा.