पाचव्या दिवसाचा गर्भ आणि सुनेवरचा ठपका

जुळे सोलापुरातला फ्लॅट असो की जुन्या पेठेतला वाडा, आयव्हीएफचा गर्भ गर्भाशयात सोडून घेऊन घरी आलेल्या सुनेला पहिली ताकीद मिळते ती पलंगावरून न उठण्याची. जिना चढली तर गर्भ निसटेल, अशी भीती. पुढे रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली, की ‘नीट झोपून राहिली नाही’ हे वाक्यही तिच्याच वाट्याला. हा ठपका चुकीचा आहे आणि क्रूरही.

गर्भाशय म्हणजे हवेने भरलेली पिशवी नव्हे. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. मधल्या ओलसर फटीत जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसाचा गर्भ, असतो. उभे राहिल्याने तो खाली पडत नाही. गर्भ सोडल्यानंतर २० मिनिटांहून अधिक पडून राहिल्याने यश वाढत नाही, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नैसर्गिकरीत्या दिवस राहतात तेव्हा तरी काय होते? गर्भ रुजत असतो त्या आठवड्यात बाई शेतात खुरपत असते, धुणी धूत असते. तिला स्वतःलाही पत्ता नसतो.

मग गर्भ का टिकत नाही? बहुतेकदा कारण गर्भाच्या आतच असते. पहिले दोन-तीन दिवस तो मुख्यतः बीजांडात साठलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो. माणसात चार ते आठ पेशी झाल्यावर त्याची स्वतःची जनुके कामाला लागतात, हे पीटर ब्रॉड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले. या टप्प्यावर कितीतरी गर्भ थांबतात. काही ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात, पण गुणसूत्रांची संख्या चुकलेली असेल तर रुजत नाहीत किंवा लवकर गळतात. वयाबरोबर बीजांडातल्या अशा चुका वाढतात. जिना चढल्याने मात्र वाढत नाहीत.

उंदरांवरच्या किंवा गाईंवरच्या संशोधनाच्या बातम्याही जपून वाचाव्यात. उंदरात गर्भाची स्वतःची जनुके दोन पेशींच्या टप्प्यावरच जागी होतात. गाईचा ब्लास्टोसिस्ट सातव्या-आठव्या दिवशी तयार होतो आणि गर्भाशयाला चिकटायला तिसरा आठवडा उजाडतो. माणसात हे रुजणे सहाव्या-सातव्या दिवशीच सुरू होते.

‘पाचव्या दिवशी हृदय धडधडते’ हेही खरे नाही. ते फलनानंतर साधारण तीन आठवड्यांनी धडधडू लागते. ब्लास्टोसिस्टमध्ये फार तर शे-दोनशे पेशी असतात. बाहेरच्या थरातून वार घडते, आतल्या पुंजक्यातून बाळ. या पुंजक्यापासूनच मूळपेशी मिळवतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मानवी गर्भापासून ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ या मूळपेशींच्या वाणांची निर्मिती केली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेही याच परळमध्ये.

उरला मुलगा-मुलीचा प्रश्न. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे फलनाच्या क्षणी शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने ठरते, म्हणजे बापाकडून. त्यानंतर कोणतेही औषध, पथ्य वा नवस ते बदलत नाही. मुलगा हवा म्हणून प्रयोगशाळेत गर्भ निवडणे तर गुन्हाच आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाच्या कायद्याआधी सहा वर्षे.